हँडब्रेकचा गोटा

आमच्या गाडीला हँडब्रेक होता, पण ओढायचा दांडा नव्हता. दोन सीटांच्या मधे नखाएवढं एक बटण होतं. ते वर उचललं की मागच्या चाकांपाशी मोटर कुरकुरायची आणि गाडी जागच्या जागी बांधली जायची. आमचा मुलगा आदेश मोहर्लीला सफारीची गाडी चालवतो. त्याने ही गाडी जुन्या बाजारातून आमच्यासाठी घेतली आणि गोंडपिपरीला आणून दारात उभी केली. "बाबा, आता बसची वाट पाहू नका," म्हणाला. मी बसचीच वाट पाहत राहिलो. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. गाडी शिकलो तो निवृत्तीच्या वर्षी, आदेशच्या आग्रहाने. परवाना मिळाला तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबांची काहीतरी नजरचूक झाली असावी, असं मला अजून वाटतं.

पोळ्याच्या सुमारास ते बटण बिघडलं. मी बाजारातून भाजी घेऊन येत होतो आणि भर चौकात गाडीने आपणहून मागची चाकं आवळली. मी बटणाला हात लावला नव्हता. हे मी त्या वेळी चौघांना सांगितलं आणि चौघांनीही "होय होय, काकाजी" म्हटलं. शेवटी देवाजी मेकॅनिक आला, गाडीखाली शिरला आणि अर्ध्या तासाने काळा होऊन निघाला.

"याची मोटर पागल झाली," तो म्हणाला. "मनात आलं का पकडते. पार्ट नागपूरवरून बोलवा लागते. तवरक मी दोन्ही मोटरच्या वायरी काढून ठेवतो. मंग पकडणारच नाई."

"कधीच नाही?"

"कधीच नाई. म्हणजे पाहिजे तवाबी नाई." त्याने हात पुसले. "उभी करतानी गिअरमंदी टाका अन् चाकाले गोटा लावा. उतारावर निस्त्या गिअरवर भरोसा ठेवू नका, घसरते हळूहळू. अन् लांब नेऊ नका, काकाजी. गावातल्या गावात."

ते शेवटचं वाक्य त्याने सांगायची गरज नव्हती.

गोटा मीच निवडला. विहिरीजवळ एक काळा दगड पडलेला होता, पाच-सहा किलोचा, एका बाजूने उतरता, जणू चाकाखाली बसण्यासाठीच घडलेला. तो डिक्कीत ठेवला. डिक्कीत आधीपासून माझ्या पुस्तकाचे चार गठ्ठे होते. आमच्या तालुक्यातल्या जुन्या झाडांवर मी एक पुस्तक लिहिलं होतं आणि स्वतःच छापून घेतलं होतं. घरात वाळवी लागेल म्हणून भागीरथाने, म्हणजे माझ्या बायकोने, उरलेल्या प्रती गाडीत हलवल्या. "कोणी मागतलं त देता येते," ती म्हणाली. दोन वर्षांत कोणी मागितलं नव्हतं.

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तकही मी वाचून काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हँडब्रेकचा पिवळा दिवा लागला तर गाडी चालवू नये, ताबडतोब तज्ज्ञाकडे न्यावी. मी ते पान देवाजीला दाखवलं. त्याने ते लक्षपूर्वक पाहिलं आणि म्हणाला, "मीच तो."

वायरी काढल्या तरी दिवा विझला नाही. दर दोन मिनिटांनी गाडी टुंग् करून आठवण देई.

मग दसरा आला, नागपूरचा पार्ट काही आला नाही. आमच्याकडे दसऱ्याला कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, शिवणयंत्र, माझा चष्मासुद्धा. भागीरथाने गाडीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि मग डिक्की उघडून गोटा बाहेर काढला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"हा गाडीचा ब्रेक हाये ना? मंग त्याची पूजा नाई का करा लागत?" तिने गोट्याला हळद-कुंकू लावलं. पण काळ्या दगडावर ते काही तिच्या मनासारखं दिसेना. ती आत गेली, शेंदराची वाटी घेऊन आली आणि तेलात कालवून सगळा गोटा तिने भगवा करून टाकला. "आता कसा शोभते!"

शोभत होता खरा. मी काही बोललो नाही. पुढे जे झालं त्यात माझं हे न बोलणं धरायला हवं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी दिव्या ओरडतच स्वयंपाकघरातून बाहेर आली. दिव्या आदेशची मुलगी. आई-वडील मोहर्लीला भाड्याच्या खोलीत राहतात, ही शिकायला आमच्याकडे. बारावी झाली आणि तिने नर्सिंगचा अर्ज भरला. पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. त्यानंतर तिने विषय काढणंच सोडलं होतं. भागीरथाच्या गुडघ्याला तेल लावताना मात्र ती अजून हाडांची इंग्रजी नावं म्हणायची. आता तिच्या हातात फोन होता.

"आबाजी, लागला! गडचिरोलीले! शेवटच्या फेरीत लागला!"

मी चष्मा लावून वाचलं. जागा मिळाली होती. मूळ कागदपत्रं आणि पालक यांच्यासह आज दुपारी तीनपर्यंत हजर राहावं, अन्यथा जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल.

"आज?" मी म्हणालो.

"काल रात्रीच आला मेसेज. मी आता पाह्यला." तिचा आवाज पडला.

आदेशचा फोन लागेना. तो पर्यटकांना घेऊन जंगलात होता; तिथे सफारी संपेपर्यंत रेंज नसते. सकाळची बस गेली होती. पुढची साडेअकराला, आणि त्या रस्त्यावर हल्ली खनिजाच्या ट्रकांच्या अशा रांगा लागतात की बस कधी पोचेल हे कंडक्टरही सांगत नाही. भागीरथा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "गाडी हाये ना दारात."

"तिला हँडब्रेक नाही."

"गोटा हाये."

"देवाजी म्हणाला, गावातल्या गावात."

"देवाजीले नर्स व्हाचं हाये का?"

मी दिव्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ पुसत होती. तिने एकदा जरी "चला ना" म्हटलं असतं तर मी कदाचित दहा कारणं सांगितली असती.

"कागद काढ," मी म्हणालो.

निघायला पावणेदहा झाले, कारण शाळा सोडल्याचा दाखला भागीरथाने जपून ठेवला होता आणि कुठे ते तिला आठवत नव्हतं. तो तांदळाच्या डब्यात सापडला. तिने भाकरीचा डबा दिला, गोट्याला नमस्कार केला आणि तो दिव्याच्या पायाशी ठेवला. "डिक्कीत नको, हाताशी राहू दे."

मी चाळीसच्या वेगाने चाललो होतो. धान पिवळं पडायला लागलं होतं, दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंज्या. मोटारसायकलवरून तीन-तीन माणसं मला मागे टाकून जात होती. एकदा सायकलवाल्यानेही प्रयत्न केला.

टुंग्, गाडी म्हणाली.

"आबाजी, हे काय म्हणून राह्यली?"

"चालवू नका म्हणते. माहितीपुस्तकात पण तेच आहे."

"त्या पुस्तक लिहिणाऱ्याले गोंडपिपरीची बस माहीत नसन," दिव्या म्हणाली आणि तिने डबा उघडला.

वैनगंगेच्या पुलापर्यंत सगळं बरं चाललं. सपाट रस्त्याला हँडब्रेकची आठवणही येत नाही. पण नदी ओलांडली, रस्ता चढाला लागला आणि समोर ट्रकांची रांग उभी राहिली. लाल धुळीने माखलेले, ताडपत्री बांधलेले ट्रक, एकामागे एक, चढाच्या टोकापर्यंत. वर कुठेतरी एक बंद पडला होता. मी थांबलो. आरशात पाहिलं तर माझ्या मागेही एक ट्रक येऊन उभा राहिला होता. आरशात फक्त त्याचे दोन दिवे आणि त्यांच्यामधे लटकवलेली लिंबू-मिरची दिसत होती, इतका तो जवळ होता.

आता अडचण अशी, की चढावर गाडी उभी असताना उजवा पाय ब्रेकवर असतो. निघायचं तर तोच पाय उचलून दुसरीकडे न्यावा लागतो. त्या मधल्या वेळात ज्यांना हँडब्रेक असतो ते हँडब्रेक लावतात. मला तो मधला वेळ दीड सेकंद लागतो. पुढचा ट्रक चार हात सरकला, मी पाय उचलला, आणि गाडी मागे गेली. मागच्या ट्रकने असा हॉर्न दिला की दिव्याच्या हातातली भाकर खाली पडली.

"थांबा," ती म्हणाली. तिने दार उघडलं, गोटा उचलला आणि मागे गेली. गोटा मागच्या चाकाला अडकवल्याचा आवाज आला. मग तिने डिक्कीवर दोन थापा मारल्या. "चला आबाजी, आता मागं नाई येत!"

मी ब्रेक सोडला. गाडी गोट्याला टेकली आणि खरंच थांबली. मग मी सावकाश क्लच सोडला, गाडी थरथरली आणि पुढे गेली. चार हात गेल्यावर पुन्हा थांबलो. दिव्या गोटा दोन्ही हातांत धरून मागून चालत आली, तो चाकाला लावला, थापा मारल्या. असा आमचा क्रम बसला. तिने आज पांढरी ओढणी घेतली होती. तिसऱ्या फेरीला ती पांढरी राहिली नव्हती.

मागच्या ट्रकच्या खिडकीतून एक तरुण बाहेर वाकला. "ओ ताई, देव घेऊन कुठी चालल्या?"

"गडचिरोलीले. तुले काय करायचं हाये?"

"काई नाई, पुण्यच भेटून राह्यलं मले. देवाच्या मागं गाडी हाये माझी." मग त्याने मला हाक मारली. "काकाजी! क्लच असा सोडा, मुठीतलं पाखरू सोडल्यावानी! एकदम नाई!"

त्याचं नाव लोकेश. पुढच्या दीड तासात ते मला कळलं, त्याचं गाव कळलं, आणि क्लच कसा सोडायचा तेही कळलं. दहा वर्षांत मला हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आदेश सांगतो तेव्हा स्वतः घाबरलेला असतो.

साडेअकराला त्याचाच फोन आला. दिव्याने तो उचलून स्पीकरवर टाकला.

"दिव्या, मेसेज पाह्यला आता मी. निघाले का तुमी? कोणत्या बसनं?"

"बसनं नाई. आबाजी गाडी चालवून राह्यले."

"कोणाची गाडी?"

"आपली."

पलीकडे गाडीचं दार धाडकन आपटल्याचा आवाज आला.

"तिले ब्रेक नाई!"

"चालतानीचा हाये. थांबतानीचा गोटा हाये."

"थांबा तिथीच, मी येतो."

"तू येशीन तवरक तीन वाजून जाईन, बाबा. तू वाघ दाखव लोकाईले." तिने फोन ठेवला आणि पुन्हा गोट्यापाशी गेली. मला दिसलं की तिने जाताजाता घड्याळ पाहिलं.

साडेबाराला आम्ही चढाच्या शेवटच्या टप्प्यात होतो. रस्त्याच्या कडेला सागाखाली एक म्हातारी गोंडीण सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. अडकलेल्या ट्रकवाल्यांना फळं विकत होती. तिला सगळे बुधरीबाई म्हणत होते. दिव्याने तिच्यासमोरच गोटा चाकाखाली लावला. म्हातारीने फळ पुढे केलेला हात मागे घेतला.

"कोणता देव होय हा?"

"देव नाई हो बाई, गोटा हाये," दिव्या म्हणाली.

"शेंदूर कोणी लावला?"

"माझ्या आजीनं. दसऱ्याले."

"मंग तुमीच बोलावलं ना त्याले? अन् आता टायरखाली ठेवता?" आवाजात राग नव्हता. शेजारणीने ताक सांडलं तर विचारावं तसं तिने विचारलं होतं.

तेवढ्यात पुढे गलका झाला. बंद पडलेला ट्रक बाजूला निघाला होता आणि अख्खी रांग हलली. थापा पडल्या. मी क्लच सोडला, पाखरासारखा. गाडी सुरळीत निघाली, आणि या वेळी समोरचा ट्रक थांबला नाही. मीही थांबू शकत नव्हतो. थांबलो असतो तर तीनपर्यंतचं सगळं तिथेच संपलं असतं. आरशात मला दिसलं, बुधरीबाईने गोटा उचलला होता. ती तो सागाच्या बुंध्याशी नीट बसवत होती, उतरती बाजू खाली. दिव्या तिच्यासमोर उभी. म्हातारीने कानातलं झेंडूचं फूल काढून गोट्यावर ठेवलं. दिव्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गोट्याकडे, आणि धावत सुटली.

"दार उघडा आबाजी! थांबू नका!"

मी डाव्या हाताने दार ढकललं. मागून लोकेश ओरडत होता, "पाय उचला ताई, पाय!" ती आत येऊन पडली. हातात एक सीताफळ होतं.

"गोटा?" मी विचारलं.

"तो आता देव झाला." तिला धाप लागली होती आणि हसूही आवरत नव्हतं. "बाई म्हणे, इथी लय ट्रका उलटते, तो पाहीन त्याईले. मी काय म्हणू? तिथी भांडत बसली असती त कॉलेज गेलं असतं."

टुंग्, गाडी म्हणाली. या वेळी ती बरोबर होती.

चामोर्शी सोडलं, शेतं गेली, सागाचं जंगल आलं आणि गेलं. रस्त्यात कुठे थांबायचं नाही असं आम्ही ठरवलं. पाणीही प्यायलो नाही. गडचिरोलीच्या कॉलेजच्या फाटकात शिरलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. मला हायसं वाटलं, ते बरोबर पन्नास पावलं टिकलं. फाटकापासून आतला रस्ता उतरता होता. शेवटी भिंतीपाशी दुचाक्या लावलेल्या होत्या, तीस-चाळीस, खांद्याला खांदा लावून. मी त्यांच्या थोडं अलीकडे थांबलो. मागून लगेच दुसरी गाडी येऊन टेकली आणि तिचा मालक किल्ली खिशात टाकून आत पळाला. सगळ्यांना तीनच वाजायचे होते.

दिव्या फाईल घेऊन धावली. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो. उलटा गिअर टाकून, इंजिन बंद करून, हळूच पाय उचलून पाहिला. गाडी वीतभर सरकली. जरा थांबली. आणखी चार बोटं सरकली. पुढच्या दुचाकीवर कोणीतरी लहान मुलीची गुलाबी टोपी अडकवून ठेवली होती. मी पाय पुन्हा दाबला.

दहा मिनिटांनी दिव्या परत आली ती पळतच. "आबाजी, चला! पालकाची सही क्लार्कच्या समोर पाहिजे. माझी अन् तुमची, दोघाईची संगं. माझ्यापुढं एकच नंबर हाये."

"मला उठता येत नाही," मी म्हणालो. "पाय काढला की गाडी जाते."

तिने खाली पाहिलं, दुचाक्यांकडे पाहिलं. मग दगड शोधायला लागली. मीही खिडकीतून शोधत होतो. सगळीकडे जमिनीत घट्ट बसवलेले सिमेंटचे ब्लॉक, कडेला न हलणाऱ्या भल्यामोठ्या कुंड्या, कुंड्यांना गेरू. खडासुद्धा नव्हता. फाटकावरचा चौकीदार जवळ आला. छातीवरच्या पट्टीवर 'सुरज' लिहिलं होतं.

"दादा, एखादा गोटा, वीट काई हाये का?" दिव्याने विचारलं.

"काल मोठे साहेब आले होते ना तपासणीले. सगळं उचलून फेकलं आमी. परवा यायचं होतं, लय गोटे होते."

"मग तुम्ही या ब्रेकवर पाय ठेवता का?" मी विचारलं. कसं विचारलं मला माहीत नाही. अनोळखी माणसाला मी रस्तासुद्धा विचारत नाही.

"मी सायकलवाला, काकाजी. चुकीच्या जागी पाय पडला त?" त्याने दुचाक्यांकडे पाहिलं. "त्यात प्राचार्य मॅडमची स्कूटी हाये."

दोन पन्नास झाले. मी माझ्या पायाकडे पाहत होतो. ऐंशी किलोमीटर आलेला पाय, आणि आता तोच आडवा येत होता. दिव्याने डिक्की उघडल्याचा आवाज आला.

"आबाजी," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "हे गठ्ठे."

मला कळायला क्षणभर लागला. पंचवीस-पंचवीस प्रतींचे गठ्ठे, खाकी कागदात, सुतळीने करकचून बांधलेले. चौकोनी, घट्ट, जड. छापखान्यातून आले तसेच. एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा. पान दुमडलं म्हणून मी मुलांना परत पाठवलं आहे.

"आबाजी?"

"समोरच्या दोन्ही चाकांना लाव," मी म्हणालो. "आडवे नको, उभे. कणा चाकाकडे कर."

तिने पहिला गठ्ठा उचलला, कपाळाला लावला, मग चाकासमोर ठेवला. दुसरा तसाच. मी हळूहळू पाय उचलला. गाडी पुढे झुकली, खाकी कागद फाटल्याचा आवाज आला, आतून काहीतरी दबल्याचा आणखी एक आवाज आला. मग गाडी थांबली. मी पाय पूर्ण काढला. ती तशीच उभी राहिली.

"पळा," दिव्या म्हणाली. मी पळालो. साठी ओलांडल्यावर मी पहिल्यांदाच पळालो असेन.

क्लार्कने कागद एकेक करून पाहिले. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर येऊन तो थांबला. कोपऱ्यात अंगठ्याचा स्पष्ट भगवा ठसा होता.

"हे काय होय?"

"हँडब्रेक," दिव्या म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओढणीकडे पाहिलं, माझ्या धापेकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. मूळ दाखला स्वच्छ होता. तांदळाचा एक दाणा मात्र त्याच्या घडीतून टेबलावर पडला.

"पालक कोण? नातं?"

"आजोबा."

"करा सही."

मी सही केली. दिव्याने तिची केली. शिक्का पडला. भिंतीवरच्या घड्याळात तीनला चार मिनिटं होती. पावती हातात आली तेव्हा दिव्याने ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे दिली, मग परत घेतली. बाहेर व्हरांड्यात येऊन तिने भागीरथाला फोन लावला आणि "आजी, झालं" एवढंच म्हणून रडायला लागली, तेव्हा पुढचं मलाच सांगावं लागलं.

"गोटा कुठी हाये?" सगळं ऐकून भागीरथाने विचारलं.

मी सांगितलं.

ती म्हणाली, "बरं झालं. रस्त्यावरच्याईच्या कामी पडन. पुढच्या दसऱ्याले तिथी जा लागन आता, नारळ घेऊन." आणि मग, "येतानी दुसरा गोटा पाहजा. त्याले मी काई लावत नाई."

गाडीपाशी आलो तर चौकीदार सुरज प्लॅस्टिकची खुर्ची टाकून गाडीसमोर बसला होता. उजव्या चाकाखालचा गठ्ठा फाटला होता आणि वरच्या काही प्रती सुटून बाहेर आल्या होत्या. त्यातली एक त्याच्या हातात होती. मुखपृष्ठावर टायरची नक्षी उमटलेली.

"राखत होतो, काकाजी. पोरं हात लावतीन म्हणून." त्याने मुखपृष्ठावरचं नाव पाहिलं. "हे लिहिणारे दादाजी म्हणजे तुमी का?"

मी होय म्हणालो.

"तीन पानं वाचली," तो म्हणाला. "पण एक सांगतो, राग धरू नका. तुमी गोंडपिपरीच्या मोहाचं लिहिलं, त्या तळ्यावरच्या वडाचं लिहिलं. आमच्या धाब्याजवळचं चिचेचं झाड काऊन नाई लिहिलं? त्याच्या पोकळीत शाळेतली चार पोरं मावत होती. मी त्यातला एक."

"धाबा आमच्याच तालुक्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणून राह्यलो ना! आमच्या तालुक्याचं पुस्तक, अन् आमचीच चिच नाई."

दोन वर्षांत माझ्या पुस्तकाबद्दल कोणी काही म्हटलेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि ती तक्रार होती, आणि ती रास्त होती. त्या चिंचेकडे जायचं मी दोनदा ठरवलं होतं. तिथे कोणाला विचारायचं, या संकोचाने गेलो नव्हतो.

दरम्यान मागची गाडी निघून गेली होती. दिव्याने दार उघडून ब्रेकवर पाय ठेवला, मी गठ्ठे काढून डिक्कीत टाकले. सुरजने त्याची प्रत परत पुढे केली. मी ती घेतली नाही.

"झाड अजून आहे?" मी विचारलं.

"अर्धं हाये. विजेनं अर्धं गेलं. पण अर्धं पाहाले याच, काकाजी. माझा भाऊ असते तिथी, इसरू नाव. त्याले सांगा सुरजनं पाठवलं."

मी खिशातून पेन्सिल काढली. कागद नव्हता. सुटलेल्या प्रतींतली एक उघडून मागच्या कोऱ्या पानावर लिहू लागलो: धाबा, चिंच, पोकळीत चार मुलं, वीज. वीज कोणत्या वर्षी पडली? सुरज आठवू लागला. ज्या वर्षी त्याच्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी. मग नाही, त्याच्या आधीच्या. मग म्हणाला, थांबा, इसरूले फोन लावतो.

"आबाजी!" दिव्या गाडीतून ओरडली. "माझा पाय दुखून राह्यला! या ना लवकर!"

"दोन मिनिटं," मी म्हणालो. सुरजचा फोन लागला होता.